पार्ट कशाचा बनवायचा? धातू, प्लास्टिक की सिरॅमिक: नवख्यांसाठी वाटाड्या

एखादी बंद पडलेली विजेची इस्त्री मिळाली तर ती फेकायच्या आधी उघडून बघा. तळाला अ‍ॅल्युमिनियमचा जाड पाट दिसेल, त्यात बसवलेली धातूची वाकडी नळी. नळीच्या पोटात निकेल-क्रोमियमची, म्हणजे निक्रोमची, बारीक तार. तार आणि नळी यांच्यामध्ये गच्च दाबून भरलेली पांढरी पूड असते, ती मॅग्नेशियम ऑक्साइडची. ही पूड म्हणजे सिरॅमिकच. ती तारेची उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र अडवते. सगळ्यात वर प्लास्टिकची मूठ. तिन्ही कुळे एका वितीच्या आत नांदतात आणि एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. मूठ अ‍ॅल्युमिनियमची केली तर हात भाजेल, पुडीच्या जागी प्लास्टिक भरले तर ते वितळून तार नळीला टेकेल.

मला हे इतके सरळ दिसायला बरीच वर्षे आणि बरेच फुटलेले भाग लागले. दुरुस्ती आणि किरकोळ जोडकाम करायला लागलो तेव्हा माझा एकच प्रश्न असायचा: ‘यापेक्षा मजबूत काय मिळेल?’ कागद फाडणाऱ्या एका यंत्रातले नायलॉनचे दातेरी चाक दोनदा तुटले. तिसऱ्यांदा मी हट्टाने पितळेचे चाक कापून घेतले. चाक तुटले नाही, पण पुढच्या वेळी कागदाचा गठ्ठा अडकला तेव्हा मोटर जागच्या जागी थांबून तापली आणि तिचे वाइंडिंग जळाले. नायलॉनचे चाक स्वतः तुटून मोटर वाचवत होते आणि मी त्यालाच दोष देत होतो.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. भाग किती मजबूत हवा हे नंतर पाहतो. हा भाग शेवटी कसा निकामी व्हावा, हे आधी ठरवतो. धातू बहुधा आधी वाकतो, म्हणजे सूचना देतो. प्लास्टिक हळूहळू ढळते, सैल पडते, मग एक दिवस तडकते. सिरॅमिक शेवटच्या क्षणापर्यंत जसेच्या तसे राहते आणि मग काहीही न सांगता फुटते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

## सुरू करण्याआधी जवळ काय हवे

अवजारे फार नाहीत. एक चांगला लोहचुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, बारीक दात्यांची कानस, भिंग, दोरा आणि पाण्याचे भांडे. डोळ्यांना चष्मा आणि धुळीसाठी चांगला मास्क, हे दोन्ही ‘नंतर घेऊ’च्या यादीत टाकू नका.

कागदपत्रे तीन प्रकारची:

- डेटाशीट: पदार्थाची ताकद, ताठपणा, किती तापमानाला टिकतो वगैरे आकडे यात असतात. उत्पादक सहसा फुकट देतात.
- धातूसाठी टेस्ट सर्टिफिकेट: यावरचा ‘हीट नंबर’, म्हणजे एकाच वेळी वितळवून ओतलेल्या मालाचा नंबर, सळईवर किंवा पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याच कुठल्या तरी मालाचे आहे.
- सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस: पदार्थ कापताना, घासताना किंवा तापवताना काय बाहेर पडते ते यात लिहिलेले असते.

डेटाशीट वाचताना नवख्या माणसाची फसगत हमखास होते ती नायलॉनच्या बाबतीत. तिथे बऱ्याचदा दोन रकाने असतात: एक साच्यातून नुकत्या निघालेल्या कोरड्या नायलॉनचा, दुसरा हवेतला ओलावा प्यायलेल्या नायलॉनचा. कोरड्या रकान्यातले आकडे देखणे असतात. प्रत्यक्ष वापरात मात्र तुम्हाला दुसरा रकाना मिळतो.

## पायरी १: भागाची कुंडली मांडा

कोरा कागद घ्या आणि लिहा: भागावर वजन किती, ते सतत आहे की अधूनमधून? ओढले जाते, दाबले जाते की पिळले जाते? धक्के बसतात का? जास्तीत जास्त तापमान किती? पाणी, मीठ, तेल, साबण, ऊन यांपैकी काय लागते? वीज जायला हवी की अडायला हवी? कशावर घासते?

आणि शेवटी, मोठ्या अक्षरात: तुटला तर काय होईल? नुसती गैरसोय, दुसऱ्या महागड्या भागाची हानी, की कुणाला इजा? उत्तर तिसरे असेल, म्हणजे ब्रेक, शिडी, डोक्यावर टांगलेली वस्तू, दाबाखालची टाकी, तर या लेखाच्या आधारावर काही करू नका. तो भाग मूळ उत्पादकाचाच घ्या.

जुना तुटलेला भाग हातात असेल तर तो सोन्यासारखा जपा. तुटलेली कड भिंगाखाली धरा. ती ओढल्यासारखी, पातळ झालेली दिसली तर भार जास्त झाला. शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा दिसल्या तर तडा एका बिंदूपासून हळूहळू सरकत गेला आहे, म्हणजे थोडाच पण पुन्हा पुन्हा येणारा भार. इथे अधिक ताकदीचा धातू आणण्यापेक्षा ज्या कोपऱ्यातून तडा सुरू झाला तो गोल करण्याचा उपयोग जास्त.

## पायरी २: ‘मजबूत’ हा शब्द मोडून टाका

बोलताना आपण सगळ्यालाच मजबूत म्हणतो. कामाच्या वेळी मात्र चार वेगळे गुण लागतात आणि ते एकमेकांबरोबर येतीलच असे नाही.

कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा सहज उठत नाही ते. काच कठीण असते, कानसही. ताठ म्हणजे भाराखाली कमी वाकणारे. बळकट म्हणजे कायमचे वाकायला किंवा तुटायला जास्त भार घेणारे. आणि चिवट म्हणजे धक्का पोटात घालणारे, तडा गेला तरी तो लगेच आरपार न जाऊ देणारे. काच कठीण आणि ताठ आहे, चिवट अजिबात नाही. पॉलिथिनची पिशवी चिवट आहे, पण ताठ नाही.

यातला ताठपणा लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. मी एकदा वाकणाऱ्या फळीखाली साध्या पोलादाऐवजी ‘पाणी दिलेल्या’ कडक पोलादाची पट्टी बसवली. वाक तेवढाच राहिला! कारण पोलाद साधे असो की कडक केलेले, त्याचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कलच (ताठपणा मोजायचे एकक) राहतो. पाणी दिल्याने पट्टी कायमची वाकायला जास्त भार लागतो, पण तोवर तिला तितकाच झोल पडतो. अ‍ॅल्युमिनियमचा आकडा साधारण ७०, बहुतेक साध्या प्लास्टिकचा १ ते ३, अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या, सिरॅमिकचा ३०० च्या पुढे.

मग वाक कमी कसा करायचा? जाडी वाढवून किंवा आकार बदलून. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. म्हणूनच पोलादाच्या ३ मिमी पत्र्याऐवजी सुमारे ४.३ मिमी अ‍ॅल्युमिनियम घेतले तर वाक तेवढाच राहतो आणि वजन निम्म्यावर येते. तोच ३ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा लावला तर मात्र तो जवळपास तिप्पट वाकेल. प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाखाली ज्या उभ्या कडा असतात, त्या याच हिशेबाने टाकलेल्या असतात.

## पायरी ३: हातातला भाग कशाचा आहे ते ओळखा

चुंबक. चुंबक चिकटला तर बहुधा लोखंड किंवा पोलाद, नाही चिकटला तर दुसरे काही. पण स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबकावर विसंबू नका. ‘चुंबक चिकटतो म्हणजे हे स्टेनलेस नाही’ हा समज चुकीचा आहे. किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पोलाद स्टेनलेस म्हणवते. त्यातला ४३० ग्रेड चुंबकाला चांगला चिकटतो. ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तो सहसा चिकटत नाही, पण वाकवलेल्या कोपऱ्यावर किंवा ठोकून बनवलेल्या बोल्टच्या डोक्यावर तोसुद्धा किंचित ओढतो. मी केवळ या समजापोटी मूठभर उत्तम स्क्रू परत केले होते.

घनता. ही माझी आवडती परीक्षा. आधी भाग कोरडा वजन करा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्य करा. भाग दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या भागाचे आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ५४ ग्रॅमच्या भागाला काटा २० दाखवत असेल तर घनता २.७, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

ओळखीचे काही आकडे: मॅग्नेशियम १.७, टायटॅनियम ४.५, जस्त ७.१, पोलाद ७.८ च्या आसपास, पितळ ८.५, तांबे ८.९, शिसे ११.३. सिरॅमिकमध्ये अ‍ॅल्युमिना ३.९ च्या जवळ, झिर्कोनिया सुमारे ६. प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन ०.९, एबीएस १.०५ च्या जवळ, नायलॉन १.१४, पॉलिकार्बोनेट १.२, अ‍ॅसिटल १.४, टेफ्लॉन २.२.

भागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून काढा, नाहीतर उत्तर चुकते. पोकळ किंवा जोडलेल्या भागावर ही परीक्षा चालत नाही. प्लास्टिकमध्ये काचतंतू किंवा भुकटी मिसळलेली असेल तर घनता वाढते आणि नायलॉन दुसऱ्याच कुणाचे सोंग घेतो.

साच्यातली अक्षरे. प्लास्टिकचा भाग उलटा करून आतली बाजू बघा. रोमन अक्षरांत ‘पीपी’, ‘एबीएस’, ‘पीसी’ किंवा ‘पीए६६-जीएफ३०’ असे उमटवलेले सापडते. शेवटच्याचा अर्थ नायलॉन ६६, त्यात ३० टक्के काचतंतू. डब्या-बाटल्यांवर बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो. ही पद्धत १९८८ मध्ये सुरू झाली: १ पीईटी, २ जास्त घनतेचे पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे ‘इतर सगळे’. हा आकडा फक्त प्लास्टिकचे कूळ सांगतो. वस्तू गरम करायला चालेल का, हे त्यावरून कळत नाही.

जाळून बघू नका. जुने कारागीर प्लास्टिकचा कोपरा पेटवून वासावरून ओळखतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना झोंबतो आणि जवळच्या अवजारांवर गंज चढवतो. टेफ्लॉन फार तापवले तर त्याचाही धूर विषारी असतो.

टिचकी. सिरॅमिकवर हलकी टिचकी मारा. अखंड तुकडा खणखणतो. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. मडके घेताना ही परीक्षा करतात, कारखान्यातल्या इन्सुलेटरलाही ती लागू पडते.

## पायरी ४: धातू कधी निवडायचा

धक्के, वारंवार येणारा भार, आटे पाडण्याची गरज, उष्णता किंवा वीज वाहून नेणे, यांपैकी काही असेल तर आधी धातूकडे बघा.

साधे पोलाद स्वस्त, चिवट, वेल्डिंगला सोपे. गंजते हे खरे, पण रंग किंवा जस्ताचा मुलामा दिला तर निभते. जस्ताला ओरखडा पडला तरी उघड्या पडलेल्या पोलादाऐवजी आजूबाजूचे जस्त आधी झिजते. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करायचे असेल तर तिथला मुलामा आधी काढा आणि हवा खेळती ठेवा. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

बीड ओतून हवा तो आकार घेते, कंपने शोषते, म्हणून यंत्रांची बैठक बिडाची असते. पण ते ठिसूळ आहे. हातोड्याने ठोकून बिडाचा भाग बसवायला जाऊ नका.

स्टेनलेस गंजत नाही असे सरसकट म्हणता येत नाही. खाऱ्या पाण्यात ३०४ ला बारीक खड्डे पडतात. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ घ्या. स्टेनलेसचा आणखी एक हिसका असा की स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट झपाझप आवळला तर आटे एकमेकांत रुततात आणि मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. आट्यांना खास वंगण लावून हळू आवळा. मला असा एक बोल्ट करवतीने कापावा लागला आहे.

अ‍ॅल्युमिनियम विकत घेताना नुसता ‘अ‍ॅल्युमिनियम पट्टी द्या’ म्हणू नका, ग्रेडही सांगा आणि अवस्थाही. ६०६१ हाच मिश्रधातू ‘टी६’, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेल्या, अवस्थेत मऊ अवस्थेपेक्षा जवळपास पाचपट भारापर्यंत कायमचा वाकत नाही. वेल्डिंग केले की सांध्याच्या आजूबाजूला ही कमाई बरीचशी हरवते. दुसरे म्हणजे, पोलादाला एका मर्यादेखालचे भाराचे हेलकावे जवळपास अमर्याद वेळा सोसतात, अ‍ॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. सतत थरथरणारा कंस (ब्रॅकेट) अ‍ॅल्युमिनियमचा करायचा असेल तर जाड करा.

तांबे वीज आणि उष्णता यांसाठी, पितळ नळजोड आणि लेथवरच्या बारीक भागांसाठी. लेथवर छान कापल्या जाणाऱ्या पितळेत बहुधा थोडे शिसे मिसळलेले असते. पिण्याच्या पाण्याशी संबंध असेल तर शिसे नसलेला प्रकार मागून घ्या.

## पायरी ५: प्लास्टिक कधी, आणि कोणते

हलकेपणा, वीज अडवणे, गंज नको, आवाज कमी, तेलाशिवाय घसरणे हवे, यात प्लास्टिकला तोड नाही. पण ‘प्लास्टिक’ मागणे म्हणजे ‘लाकूड द्या’ म्हणण्यासारखे आहे. फांदीही मिळेल आणि सागही.

पहिली विभागणी महत्त्वाची. काही प्लास्टिके तापवली की मऊ होतात आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट, तीही पुन्हा पुन्हा. पॉलिथिन, नायलॉन, एबीएस यांतली. दुसरी एकदा पक्की झाली की वितळतच नाहीत, जास्त तापवली तर करपतात. १९०७ मध्ये लिओ बेकलंड याने बनवलेले बेकेलाइट या दुसऱ्या कुळातले, आणि जुन्या स्विचांची काळी-तपकिरी बटणे त्याची. तव्याजवळच्या मुठी, विजेच्या जोडण्या यांना दुसरे कूळ लागते. तुटलेली बेकेलाइटची मूठ गरम करून चिकटवण्याचा प्रयत्न करू नका, नुसता धूर होईल.

पॉलिप्रॉपिलीनची पातळ पट्टी हजारो वेळा वाकते, म्हणून झाकण आणि डबी एकसंध असणाऱ्या बाटल्या त्याच्या असतात. पण त्याला आणि पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही. मी एका टोपलीच्या कानावर चार प्रकारचे गोंद वाया घालवले. शेवटी गरम हवेचे वेल्डिंग चालले. नाहीतर सरळ स्क्रू लावा.

नायलॉन चिवट आणि झिजेला उत्तम, पण पाणी पितो आणि फुगतो. घट्ट बसवलेला नायलॉनचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) दमट हवेत दांडा आवळून धरतो. अचूक माप टिकवायचे असेल तर अ‍ॅसिटल घ्या, तो फारच कमी पाणी पितो.

पॉलिकार्बोनेट धक्क्याला जबरदस्त. पारदर्शक गार्ड त्याचेच बसवा, पण ते थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका. मी एक नवा गार्ड भोके पाडून, स्क्रू आवळून, शेवटी तेलाचे डाग जावेत म्हणून थिनरने पुसला. सकाळी प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते. आधीच ताणलेल्या जागी रसायन पोचले की असे होते. साबणाचे सौम्य पाणी पुरते.

थ्रीडी प्रिंटरवर शिकणाऱ्यांसाठी: पीएलए हे छपाईचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला भाग संध्याकाळी ओळखू येत नाही. शिवाय छापलेला भाग थरांच्या सांध्यावर उकलतो. भार थरांच्या लांबीने जाईल असा भाग आडवा ठेवून छापा.

आता प्लास्टिकचे खरे दुखणे: ढळणे. सतत भाराखाली ते थंडीतही अगदी सावकाश सरकत राहते. आज घट्ट आवळलेला स्क्रू महिन्याने सैल मिळतो, कारण त्याच्या डोक्याखालचे प्लास्टिक बाजूला सरकलेले असते. उपाय: मोठे वॉशर, आट्यांसाठी प्लास्टिकमध्ये बसवलेली पितळेची आटेवाली नळी (इन्सर्ट), आणि भार पसरेल असा आकार. डेटाशीटमध्ये ‘हीट डिफ्लेक्शन’ तापमान, म्हणजे भाराखालचा तुकडा ठरावीक इतका वाकतो ते तापमान, बघताना ते ०.४५ मेगापास्कल ताणाखालचे आहे की १.८ च्या, हेही वाचा. जाहिरातीत बहुधा पहिला, म्हणजे मोठा, आकडा असतो.

उन्हात राहणारा भाग असेल तर काळा रंग घ्या. त्यातले कार्बन ब्लॅक अतिनील किरणे आत जाऊ देत नाही. रंगीत पॉलिप्रॉपिलीन उन्हात पांढुरके पडून बोटाने भुरभुरायला लागते.

## पायरी ६: सिरॅमिककडे वळायचे कधी

कपबशी आणि फरशीच्या पलीकडे सिरॅमिक म्हणजे काय हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. एकाच दांडीने सुरू-बंद होणाऱ्या नळात दोन गुळगुळीत सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांना रबरी वायसर लागत नाही. स्पार्क प्लगचा पांढरा भाग अ‍ॅल्युमिनाचा. दाबल्यावर ठिणगी पाडणाऱ्या लायटरमध्ये दाबाने वीज निर्माण करणारा सिरॅमिकचा तुकडा असतो. स्पीकरमधले काळे चुंबक फेराइटचे, तेही सिरॅमिकच. पंपांच्या सीलमध्ये सिलिकॉन कार्बाइड, वेगवान बेअरिंगमध्ये सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या.

थोडक्यात, जिथे खूप उष्णता, खूप झीज, तिखट रसायने किंवा मोठा विद्युतदाब असतो आणि धक्का नसतो, तिथे सिरॅमिक.

ते दाबाला राक्षसासारखे टिकते, ओढीला मात्र त्याच्या कितीतरी पट कमी. कारण आतल्या बारीक भेगा. दाबाखाली त्या मिटतात, ओढले की उघडतात. प्रत्येक तुकड्यातली सगळ्यात मोठी भेग वेगळी, म्हणून एकाच घाण्यातले दोन तुकडे वेगवेगळ्या भाराला फुटतात. हे गणितात बसवायला स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल याने १९३९ मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरतात. आपल्यासाठी तात्पर्य: नमुन्याचा एक तुकडा टिकला म्हणून बाकीचे टिकतील असे धरू नका.

बसवताना: सिरॅमिक नेहमी दाबात राहील अशी रचना करा. धातूच्या टोकदार स्क्रूने थेट आवळू नका, मध्ये मऊ गॅस्केट द्या. नळाची चकती बसवताना मी पाना ‘अजून थोडा’ फिरवला आणि ‘कट्’ असा आवाज आला. पाण्याची धार नंतर, तो आवाज आधी आठवतो.

भाजताना सिरॅमिक प्रत्येक दिशेने साधारण १५ ते २० टक्के आकसते, आणि भाजून झाल्यावर त्याला फक्त हिऱ्याची अवजारे लागतात. त्यामुळे भोक कुठे हवे ते आधीच ठरवून मागणी द्या. स्वतःच कापायचे असेल तर मॅकॉरसारखी काच-सिरॅमिक बघा, ती साध्या ड्रिलनेही कापता येतात.

एक गंभीर इशारा. जुन्या मोठ्या ताकदीच्या रेडिओ-उपकरणांत काही पांढरे सिरॅमिक भाग बेरिलियम ऑक्साइडचे असतात. अखंड असेपर्यंत धोका नाही, पण त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. असे भाग फोडू नका, घासू नका.

## पायरी ७: तिघांची मोट बांधताना

भाग एकेकटे चांगले असतात. भांडणे सांध्यावर होतात.

तापल्यावर कोण किती वाढते? एक मीटरची पट्टी ५० अंशांनी तापली तर पोलाद सुमारे ०.६ मिमी वाढते, अ‍ॅल्युमिनियम १.१५ मिमी, पॉलिप्रॉपिलीन ५ मिमी किंवा त्याहून जास्त. लांब प्लास्टिकची पट्टी धातूवर दोन्ही टोकांना घट्ट आवळली तर ती फुगून उठणार, नाहीतर भोकापासून फाटणार. एका टोकाला गोल भोक, दुसऱ्याला लांबट खाच ठेवा. इस्त्रीतला थर्मोस्टॅट हाच दोष कामाला लावतो: कमी-जास्त वाढणाऱ्या दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते.

दोन धातू आणि ओलावा. वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की त्यांची छोटी बॅटरी बनते आणि एक धातू झिजतो. मॅग्नेशियम, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम झिजणाऱ्या बाजूचे, तांबे आणि स्टेनलेस वाचणाऱ्या. इथे क्षेत्रफळ फार महत्त्वाचे. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचे दोन स्क्रू बहुतेक वेळा निभतात. उलटे, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर रिव्हेटचा भुगा होतो. प्लास्टिकचे वॉशर आणि नळ्या मध्ये घाला, सांधा कोरडा राहील असा उतार द्या.

आतले कोपरे. तिन्ही कुळांत आतला काटकोन हा तड्याचा जन्मदाता. निदान अर्धा-एक मिलिमीटर तरी गोलाई द्या. सिरॅमिक आणि काचतंतूंच्या प्लास्टिकमध्ये तर याबाबत हयगय नकोच.

## पायरी ८: बसवण्याआधी छळून बघा

नमुना बनवला की त्याला खऱ्या वापरापेक्षा थोडे जास्त छळा. प्लास्टिकचा भाग दीडपट वजन टांगून आठवडाभर ठेवा आणि रोज माप लिहा. पहिल्या दिवशी ढळला आणि मग थांबला तर चालेल, रोज तितकाच ढळत असेल तर आकार किंवा पदार्थ बदला. नायलॉनचा भाग काही दिवस पाण्यात बुडवून मग व्हर्नियर लावा. धातूंचा सांधा मिठाच्या पाण्याने ओला करून झाकून ठेवा, दोन-तीन आठवड्यांत कोण झिजतो ते दिसते. सिरॅमिक तापवून-थंड करून झाल्यावर पुन्हा टिचकी मारा, आणि शंका आली तर पातळ शाई लावून पुसा. बारीक भेग असेल तर शाई तिच्यात राहते.

यंत्रात एखादा भाग मुद्दाम कमकुवत ठेवायचा असेल, माझ्या त्या नायलॉनच्या चाकासारखा, तर तो सहज काढता-घालता येईल अशा जागी ठेवा आणि एक जादा चाक झाकणाच्या आत चिकटवून टाका. त्याच्यावर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहा, नाहीतर पुढच्या वेळी उघडणारा माणूस त्या जागी पुन्हा पितळेचे चाक बसवेल. प्लास्टिकला लागलेले सगळे स्क्रू एका आठवड्याने आणि मग महिन्याने एकदा पान्याने तपासून घ्या, आवळताना हात मात्र हलका ठेवा.